उठलेल्या वांग्याची साक्ष

प्रभूच्या घरी गेलेल्या माझ्या आईला,

तुझ्या स्मरणसभेत मी जे बोलले, त्यातलं एक वाक्य खोटं होतं. आधी ते दुरुस्त करते.

मी मंडळीसमोर उभी राहून म्हणाले, "लेकरांना प्रार्थनेत वाढव, हे आईचे मला शेवटचे शब्द." सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुढच्या बाकावरच्या बायांनी पदराने डोळे पुसले, आणि पाळकसाहेबांनी पुढचा सगळा संदेश त्याच वाक्यावर दिला. पण तू असं काही म्हणालीच नव्हतीस! तू म्हणालीस, "रिबूले खरं सांगजो. लवकर सांगजो." मग पाणी मागितलंस, दोन घोट घेतलेस, भिंतीकडे वळलीस, आणि त्यानंतर माझ्याशी काही बोलली नाहीस.

मी तुझे शब्द बदलले, कारण खरे सांगितले असते तर कोणीतरी विचारलंच असतं, "रिबूला काय सांगायचं राहिलंय?" आणि रिबू, माझी लेक, समोर बसली होती. आठ वर्षांची, पांढरा फ्रॉक घालून, माझ्याकडे बघत.

मेलेल्यांशी बोलू नये, जे बोलायचं ते प्रभूशी बोलावं, हे तूच शिकवलंस. म्हणून मी बोलत नाही, लिहिते आहे. हेही चूक असेल का? असेल तर त्याची माफी मी वेगळी मागेन. पण तुझ्या तोंडी घातलेले शब्द तुझ्याच नावाने परत घ्यायला हवेत, असं मला वाटतं.

आणि आता लिहायचं कारण असं. परवा रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी रिबूच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यंदा ईस्टरच्या पहाटे आमची रिबेका तिच्या वांग्याची साक्ष देणार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. हात आपोआप वाजले, आई.

ते वांगं उठलं नव्हतं, हे त्या अख्ख्या चर्चमध्ये फक्त मला ठाऊक होतं. दुसरी ते जाणणारी तू होतीस, आणि तू गेलीस.

तुला मी दवाखान्यात सांगितलं ते घाईघाईत, अर्धवट. आज सगळं नीट सांगते.

हंगामाच्या उपासनेला मुलांनी स्वतःच्या हाताने वाढवलेलं काहीतरी आणायचं, हा आपल्या रोहणा गावचा तुझा नियम मी सिंदी मेघेच्या आमच्या दोन खोल्यांतही चालवायचं ठरवलं होतं. पावसाळ्यात रिबूने रंगाच्या रिकाम्या डब्यात वांग्याचं रोप लावलं. रोज शाळेतून आली की आधी डबा, मग मी. पानं मोजायची, त्याला वचनं म्हणून दाखवायची. "त्याला कुठे कान आहेत?" मी विचारलं तर म्हणाली, "नसू दे. मला तोंड आहे ना!"

रोप बरं होतं. पण शेजारच्या पोराचं कोहळं एवढं मोठं झालं होतं, आणि आमच्या चर्चच्या एका बाईंची जुळी मुलं मिरच्यांनी लगडलेली दोन झाडं घेऊन येणार होती. रिबूचं वांगं वीतभरच. मला झोप येईना. लेकरू सगळ्यांपुढे हात पसरून काय दाखवणार? तुझ्या जावयाचा, विनोदचा, एक मित्र शेती करतो. त्याच्या पोत्यातून मी मूठभर युरिया आणला आणि रिबू शाळेत असताना डब्यात घातला. मूठभर! एका डब्यात! तू असतीस तर चिमटीनेही घातला नसतास.

तिसऱ्या दिवशी पानं कडेने करपली. चौथ्या दिवशी रोप मान टाकून डब्याच्या काठावर पडलं. मी पाण्यावर पाणी ओतलं. रिबू डब्यासमोर गुडघ्यावर बसली. "प्रभू, याला उठव. मी याला रोज पाणी दिलंय, तुला माहीत आहे." ती तशी प्रार्थना रोज करायला लागली, आणि मी स्वयंपाकघरात कांदा चिरत उभी राहायची. मीच मारलंय हे एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

मग एका दुपारी मी आर्वी रोडवरच्या नर्सरीत गेले. तेवढ्याच उंचीचं, दोन फुलं असलेलं रोप आणलं. जुनं उपटून भिंतीमागे टाकलं, माती बदलली, नवं लावलं. आई, मी शपथ घेत नाही, कारण घ्यायची नसते, पण खरंच मी तिला सांगणार होते. "बघ, ते मेलं, आपण नवं आणलं," एवढंच वाक्य मी तयार ठेवलं होतं. ती आली. दप्तर दारातच टाकलं. आणि असं ओरडली की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या.

"आई! उठलं! सच्ची उठलं! प्रभूने ऐकलं ना, आई?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक "हो". पुढचं सगळं त्या एका शब्दातून उगवलं.

त्या क्षणी मला काय वाटलं असेल, सांगू? भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. मला बरं वाटलं! वाटलं, चला, लेकराचा विश्वास बसला. जे दहा वर्षं शिकवून बसत नाही ते एका दुपारी बसलं. तू मला शिकवताना किती वर्षं घातलीस! अंगणात कोळशाने अ काढायला शिकवलंस, तिथेच शास्त्र वाचायला शिकवलंस. शाळेत गेले तेव्हा मला वाचता येत होतं, पण देवाशी बोलता येत नव्हतं, आणि तुला त्याची घाई नव्हती. मला मात्र घाई होती. फ्रिजवर मी तक्ता लावला होता, वचन पाठ झालं की चांदणी. तू पहिल्यांदा तो पाहिलास तेव्हा चष्मा वर करून म्हणालीस, "काऊन व मार्था, देवाले मार्कं पाह्यजेत काय?" मी हसले, आणि तू रोहण्याला परत गेल्यावर आणखी एक चांदण्यांचं पाकीट आणलं.

आता मला रोहण्याचं ते वर्ष आठवतं. मी रिबूएवढीच असेन. मी परातीत कोथिंबीर पेरली आणि ती उगवलीच नाही. बी जुनं होतं की मी पाणी जास्त घातलं, देव जाणे. मी रडून घर डोक्यावर घेतलं. मला वाटलं, तू शेजारून जुडी आणून देशील. तू म्हणालीस, "जे झालं ते ने."

"मातीच झाली!"

"मंग माती ने."

आणि तू खरंच मला ती मातीची परात घेऊन चर्चला चालवलंस! ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेली कोंबडी, नारळ, अंडी, आणि त्यांच्यामध्ये माझी नुसती माती. एक काका म्हणाले, "हे काय, पोरीनं शेत आणलं काय?" सगळे हसले. मी तुझ्या पदरात तोंड लपवलं. तू मात्र माझ्याशेजारी ताठ उभी होतीस, आणि पाळकांना म्हणालीस, "तिनं पेरलं होतं. उगवलं नाई. देवाले म्हाईत हाये."

किती वर्षं मी त्याचा राग धरला! कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगायची, माझी आई किती कठोर होती म्हणून. आज कळतं, त्या दिवशी देवापुढे मी काहीही लपवलेलं नव्हतं. त्यानंतर इतकी स्वच्छ मी कधी उभी राहिले?

रिबूची गोष्ट वेगळी झाली. दिवाळीनंतर हंगामाच्या उपासनेत तिने टोपलीतून पाच वांगी नेली. अर्पणांच्या लिलावात ती एका आजोबांनी घेतली आणि तिच्याच हातात परत दिली, आशीर्वाद म्हणून. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "कशी वाढवली बेटा?" आणि ती सगळ्यांपुढे बोलली. माइक तोंडाला लागेल इतका जवळ धरून, न अडखळता. "माझं झाड मेलं होतं. मी प्रार्थना केली. प्रभूने उठवलं." तू तिथे होतीस. तुझ्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

मग जानेवारीत तू आजारी पडलीस आणि आम्ही तुला वर्ध्याला आणलं, आधी घरी, नंतर दवाखान्यात. रिबू तुझ्या खाटेशी येऊन तुझा हात धरून म्हणाली, "आजी, घाबरू नको. माझं वांगं उठलं होतं ना, तशी तू पण उठशील. मी सांगितलंय त्याला. रविवारपर्यंत."

तू तिच्या गालावरून हात फिरवलास. "प्रार्थना कर माय. पन देवाले तारीख नोको देऊ."

"पण वांग्याला दिली होती!"

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. बस, तेवढंच. विनोद तिला बाहेर घेऊन गेला, आणि मी तुझ्या उशाशी बसून सगळं ओकले. युरिया, नर्सरी, "हो". तू आधी हसलीस. हसता हसता खोकला आला, नर्स धावत आली. ती गेल्यावर तू म्हणालीस, "मले वाटलंच. करपलेलं वांगं असं फुलं घेऊन उठते काय कुठं? मी म्हटलं, सांगन आपल्या मनानं."

"तू तिला का नाही सांगितलंस मग?" मी चिडूनच विचारलं. आजही विचारते, आई. तुला वाटलं होतं ना? मग नोव्हेंबरमध्येच मला बाजूला घेऊन एक थोबाडीत का नाही दिलीस? तुझं हे असं वाट बघणं मला कधी कळलं नाही.

तू म्हणालीस, "मी सांगतलं असतं तर तिचा तुह्यावरचा भरोसा मीच मोडला असता. तू सांगशीन, तर तो तुह्याच हातात राहीन. मोडन, पन तुह्या हातात मोडन."

मी म्हणाले, "तू घरी आलीस की सांगते. आपण दोघी मिळून सांगू."

"मी घरी नाई येत आता. तू माही वाट नोको पाहू." आणि मग ते शेवटचे शब्द, जे मी सभेत बदलले.

तू शनिवारी गेलीस. रिबूच्या रविवारच्या आदल्या दिवशी.

मला वाटलं होतं, ती रडेल, देवावर रागावेल. ती रागावली असती तर मी सांगितलं असतं, खरंच सांगितलं असतं! पण ती गप्प झाली. संध्याकाळच्या प्रार्थनेला डोळे घट्ट मिटून बसते आणि एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तीनतीनदा, चारचारदा. मला हे ओळखीचं आहे. मीही लहानपणी असंच करायची, आणि तू अंधारातून म्हणायचीस, "आमेन म्हन अन् झोप. तो बहिरा नाई." माझी ही खोड तू किती सोप्या शब्दांत काढलीस! मी तीच खोड माझ्या लेकीला दिली, आणि काढायला माझ्याजवळ तुझ्यासारखं तोंड नाही.

परवा पाळकसाहेबांनी जाहीर केलं त्या संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. ती क्लिपा धरून उभी होती. म्हणाली, "आई, वांग्याच्या वेळी मी चांगली होते ना?"

"चांगलीच आहेस तू."

"मग आजीच्या वेळी मी काय पाप केलं होतं?"

मी दोरीवरचा पुढचा टॉवेल ओढला. ती मात्र बोलत राहिली. तिने सगळं शोधून ठेवलं होतं, आई! "मी श्रेयाचं खोडरबर घेतलं होतं, पण दुसऱ्या दिवशी दिलं. आणि आजीच्या तोंडाला औषधाचा वास यायचा म्हणून मी एकदा दुसरीकडे तोंड करून झोपले. तिला कळलं असेल का? त्याच्यामुळे झालं का?"

"असं नसतं बेटा."

"मग कसं असतं?"

आणि मी काय म्हणाले असेन? "चल, दूध गार होतंय."

तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते तुला लिहून सांगता येणार नाही. आठ वर्षांचं लेकरू स्वतःला तुझ्या मरणाचं कारण समजतंय. का? तर मी देवाच्या वतीने एक चमत्कार करून ठेवला. पुढच्या वेळी त्याने तो केला नाही, तर दोष कोणाचा? देवाचा तर नसणार, हे आपणच शिकवलेलं. उरली कोण? तीच!

काल विनोदला सगळं सांगितलं. तो पेपर वाचत होता. "एवढंच?" म्हणाला. "अगं, सगळेच आईबाप करतात. लोक सांताक्लॉज करत नाहीत का?"

"आपण कधी सांताक्लॉज केला नाही."

"तेच म्हणतो मी! तेवढा केला असता तर पोरीला सवय झाली असती." मग माझा चेहरा बघून त्याने पेपर खाली ठेवला. म्हणाला, "मोठी झाली की सांगू. आता सांगितलं तर म्हणेल, देव पण आईनेच नर्सरीतून आणला."

आई, हीच माझी भीती आहे. त्याने थट्टेत म्हटलं, मला ते रात्रंदिवस ऐकू येतं. मी सांगितलं आणि तिने सगळंच टाकून दिलं तर? प्रार्थना, वचनं, चर्च, सगळं? मग तुझ्यापुढे, प्रभूपुढे मी काय तोंड दाखवू? म्हणूनच तर इतके दिवस गेले. रोज वाटायचं, आज ती फार थकलीये, आज परीक्षा आहे, आज तिला ताप आहे, आज ती हसतेय, कशाला.

पण तू एकदा म्हणाली होतीस. रिबू जन्मली तेव्हा, पाळण्याजवळ बसून तिच्या पायांना तेल लावताना. "आज लेकरू काय म्हनते ते नोको पाहू व. आपन मेल्यावर ते एकटं बसून देवाले काय म्हनन, त्याची काळजी कर." मी तेव्हा हो हो म्हटलं. मला वाटलं, चाळीस वर्षांनंतरची गोष्ट आहे, आताच कशाला? आता वाटतं, रिबू आत्ताच एकटी बसून देवाला काहीतरी म्हणते आहे. रोज म्हणते आहे. आणि ती ज्याच्याशी बोलते, तो रागीट, हिशेबी देव मी बनवला आहे. माझ्या "हो"ने.

मला हेही कबूल करू दे. मी ते रोप बदललं ते लेकराच्या प्रेमापोटी, असं स्वतःला सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. मला देवावर भरवसा नव्हता. मला वाटलं, त्याने काही केलं नाही तर त्याचं नाव जाईल. म्हणून त्याचं काम मी माझ्या हाताने उरकलं, आणि सही त्याची केली. तू मातीची परात घेऊन उभी राहिलीस, कारण त्याचं नाव सांभाळायला तो समर्थ आहे हे तुला माहीत होतं. मला ते माहीत नव्हतं. अजूनही पुरतं माहीत नाही.

तिला काय सांगायचं, ते मी मनात बसवलंय. ते रोप मेलं होतं. मी मारलं, जास्त खत घालून. मी नवं आणलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. तू काही चुकली नाहीस, वांग्याच्या वेळीही नाही आणि आजीच्या वेळीही नाही. आजी म्हातारी होती, आजारी होती आणि तिला माहीत होतं. तू तोंड फिरवून झोपलीस म्हणून कोणी मरत नसतं. आजी तर तुला झोपलेलं पाहून हसलीच असेल.

यानंतर ती विचारेल, "मग प्रभूने माझं ऐकलंच नाही का?" तेव्हा मला काही गोड बोलावंसं वाटेल. मी ते बोलणार नाही, आई. मला उत्तर येत नाही, तर येत नाही म्हणेन. ती रडली तर रडू देईन. मला मारलं तरी चालेल. प्रार्थनेला बसली नाही तर बळजबरी करणार नाही. मी तिच्याशेजारी बसेन आणि माझी प्रार्थना मोठ्याने करेन, माफीची, तिच्या कानावर पडेल अशी.

मग त्याच संध्याकाळी मी पाळकसाहेबांच्या घरी जाईन आणि सांगेन की ईस्टरच्या पहाटे ही साक्ष द्यायची नाही. सभेत तुझ्या तोंडी घातलेलं वाक्यही त्यांना सांगेन. त्यांनी ते मंडळीला सांगायला लावलं तर उभी राहून सांगेन. लोक हसतील. हसू देत.

"लवकर" म्हणाली होतीस तू. मला "लवकर" म्हणून चालत नाही, मी त्यातही पळवाट काढते, तुला माहीत आहे. म्हणून तुला दिवस सांगून ठेवते. विनोदची ड्यूटी असो, पाहुणे येवोत, तिला ताप असो, ती हसत असो. शनिवारी तिची सकाळची शाळा असते. ती घरी येईल, हातपाय धुईल, जेवेल, आणि मी तिला जवळ बसवेन. या येणाऱ्या शनिवारी, आई. ईस्टरआधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी.

तुझी,
मार्था
सिंदी मेघे